खडकोळीची वाइन स्ट्रीट

आम्रपाली रोकडेला कंपनीत सगळे 'पाहुण्यांची मॅडम' म्हणायचे. परदेशातून कुणी आलं की विमानतळापासून परत विमानतळापर्यंत त्यांचं सगळं तीच बघायची. गाडी, हॉटेल, पोट बिघडलं तर गोळी आणि निघताना शाल नि पितळी गणपती. तळवड्याच्या ऑफिसात तिचं इंग्रजी सगळ्यांत स्वच्छ होतं. दुभाषी लागला की तिलाच उभं करायचे.

तिचा साहेब दिग्विजय. याला दर तीन महिन्यांनी एक नवी कल्पना सुचायची, आणि ती राबवायला आम्रपाली होतीच. ऑक्टोबरात त्याला वाइन सुचली.

"इटलीहून सिल्वाना मॅडम येतायत. खरेदी विभागाच्या प्रमुख. त्या वाइनच्या गावच्या आहेत म्हणे, द्राक्षांचे मळे, एक मुख्य रस्ता, दोन्ही बाजूंना कॅफे. आपण त्यांना आपलं वाइनचं गाव दाखवायचं."

"आपलं कुठलं, सर?"

"अगं, खडकोळी! चाकणच्या पुढे. रील नाही बघितलंस? तू उद्या जा, सगळे कॅफे फिरून ये, चव घे आणि मला सांग. तसं जेवण मी सरदार किचनमध्येच ठरवलंय. दादासाहेब आपले लेबर कॉन्ट्रॅक्टर आहेत."

म्हणजे निकाल लागलेला होता, परीक्षा तेवढी घ्यायची होती. आम्रपाली 'हो सर' म्हणाली. खडकोळी हे आपल्या आईचं माहेर आहे, तिथं आपली सख्खी मावशी राहते, हे तिनं सांगितलं नाही. कुणी गाव विचारलं की ती 'निगडी, प्राधिकरण' म्हणायची आणि पुढचा प्रश्न यायच्या आत चहा मागवायची. मावशीकडं जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. वेळ मिळत नाही, असं ती आईला सांगायची. वेळ तिला मिळत होता.

खडकोळीच्या वेशीवर आता लोखंडी कमान होती. तिच्यावर लिहिलं होतं: 'चाकणचं टस्कनी आपलं स्वागत करत आहे'. खाली दादासाहेबांचा गॉगल लावलेला फोटो. दादासाहेबांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली. उरलेल्या दोन एकर खडकावर त्यांनी द्राक्षं लावली आणि शेतकऱ्यांच्या सहलीबरोबर आठ दिवस युरोप करून, इटलीतलं वाइनचं टस्कनी बघून आले. येताना डोक्यावर एक गवती हॅट आणि डोक्यात ही वाइन स्ट्रीट घेऊन आले. दोन एकरांतून जेमतेम मनुके निघायचे. बाटल्या बाहेरून टेम्पोतून यायच्या आणि खडकोळीत फक्त लेबल चिकटवलं जायचं. पण लेबलावर डोंगर होता, सूर्य होता आणि दादासाहेबांच्या आजोबांचं नाव होतं. आजोबा माळकरी होते. दारूच्या वाऱ्याला उभे राहायचे नाहीत.

गावची पेठ तीच होती, पाट्या बदलल्या होत्या. खतांच्या दुकानाचं 'ग्रेप अँड ग्राउंडनट' झालं होतं. आत युरियाची रिकामी पोती धुऊन, इस्त्री करून भिंतीवर टांगली होती, आणि त्यांच्यावर पिवळे दिवे सोडले होते. तिनं वडापाव मागवला. एका दगडी पाटीवर वडा आला, दुसऱ्या पाटीवर पाव आणि काचेच्या नळीत चटणी.

"हे एकत्र का नाही?" तिनं विचारलं.

"ते तुम्ही करायचं, मॅडम. अनुभव असतो तो," वेटर म्हणाला.

पुढं पिठाची गिरणी होती, तिथं 'व्हिला टस्कनी' झालं होतं. गिरणीचं जातं मध्यभागी ठेवून त्यावर काच बसवली होती. तिथला वेटर भैरू चाळिशीचा. पूर्वी चाकणला कंत्राटावर मशीन चालवायचा. कंत्राट संपलं, मग इथं आला. त्यानं वाइनची बाटली पुढं धरली आणि शाळेतल्या कवितेसारखं म्हणून दाखवलं, "यामध्ये आपल्याला चेरी, ओक आणि लेदरच्या नोट्स जाणवतील."

"लेदर म्हणजे?"

भैरूनं आजूबाजूला बघितलं. "चप्पल, मॅडम," तो हळूच म्हणाला. "पण तसं सांगायचं नाही असं ट्रेनिंगमध्ये सांगितलंय."

आम्रपालीला हसू आवरेना. तिनं 'स्मोक्ड लॅम्ब रागू' मागवलं. शेवयांसारखा पास्ता आणि त्यावर काळपट रस्सा. पहिला घास तोंडात गेला आणि तिचं हसू थांबलं. भाजलेलं खोबरं, दगडफूल, आणि किंचित करपवलेला कांदा. कांदा इतका करपवायचा की दुसऱ्या कुणाच्या हातून तो कडू व्हावा. ती चव तिला ओळखीची होती. लहानपणी सुट्टीत ती याच चवीची वाट बघायची.

तिसरं सरदार किचन. पूर्वी तिथं दूध संकलन केंद्र होतं. आता दारात फायबरचे दोन हत्ती आणि भिंतीवर प्लास्टिकच्या तलवारी. 'दोनशे वर्षांची घराण्याची पाककृती' असा फलक. तिथलं मटण, तीच चव. तिनं फोन काढून 'ग्रेप अँड ग्राउंडनट'ची 'रस्टिक ब्लॅक करी'सुद्धा पार्सल मागवली. तीच चव.

तेवढ्यात मागच्या दारातून एक माणूस चार स्टीलचे डबे घेऊन आला. दोन इथं ठेवले आणि दोन घेऊन रस्ता ओलांडून टस्कनीत गेला. आम्रपाली त्या मागच्या दारातून बाहेर पडली. बोळ ओलांडला की पत्र्याची शेड होती. आत चार गॅसच्या शेगड्या, पातेली आणि त्यांच्यामध्ये नऊवारीचा पदर खोचून उभी गिरजाबाई.

"आमे!" मावशी म्हणाली. मग दाराकडं बघत आवाज खाली आणून म्हणाली, "तू हितं कशी गं?"

"मावशी, तू तर म्हणाली होतीस हॉटेलात भांड्याचं काम करते."

"पयलं भांडीच व्हती. मग त्येंचा आचारी पळाला. म्या एक दिवस कालवण केलं, तवापासनं हितंच हाय. तिन्ही हाटेलांचं माझ्याच हातनं जातंय."

"आणि बाहेर लिहिलंय घराण्याची पाककृती."

गिरजाबाई हसली. "लिव्हू दे की. तुझी आजी ह्येंच्या गोठ्यातलं शेण काढायची. भाकरी वरनं टाकायचे तिच्या पदरात, हात लागू न्हाई म्हणून. आता माझ्या हातचं समदी खात्यात. फकस्त माझ्या हातचं हाय, एवढंच बोलायचं न्हाई."

आम्रपालीनं सांगितलं की शनिवारी ती पाहुण्यांना घेऊन येणार आहे. मावशीचा चेहरा बदलला.

"ये. पर साहेबलोकांपुढं मला वळख दाखवू नको. दादासाहेबाला न्हाई आवडायचं. माझं काम जायाचं."

आम्रपालीनं मान हलवली. मावशीला वाटलं भाची आपल्यासाठी गप्प राहतेय. आम्रपालीला मात्र ठाऊक होतं की हे ऐकून तिला स्वतःलाच हायसं वाटलं होतं, आणि निगडीपर्यंत गाडीत ते तिला टोचत राहिलं.

शनिवारी दुपारी सिल्वाना मॅडम आल्या. साठीची, आखूड पांढऱ्या केसांची, सपाट चपला घातलेली बाई. दिग्विजयनं कोट घातला होता. दादासाहेब हॅट घालून कमानीखाली उभे होते, शेजारी तुतारीवाला. तुतारी वाजली तेव्हा बाई दचकली आणि मग सभ्यपणानं टाळ्या वाजवल्या.

पेठेवर मांडव घातला होता आणि मांडवाला द्राक्षांचे घोस लटकत होते. सिल्वानानं हात वर करून एक मणी दाबला. तो दबून परत फुगला.

"आता छाटणीचा हंगाम आहे ना," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "आमच्याकडेही वेल रिकामे असतात काही महिने. आम्ही तसेच ठेवतो."

"काय म्हणतायत?" दादासाहेबांनी विचारलं.

"द्राक्षं छान आहेत म्हणतायत," दिग्विजयनं परस्पर सांगून टाकलं.

टस्कनीत भैरूनं बाटली उघडली, चेरी आणि ओक म्हणून दाखवलं. बाईंनी एक घोट घेतला, तोंडात फिरवला, गिळला आणि अतिशय नम्रपणे पाणी मागितलं. दिग्विजयनं स्वतःचा पेला हलवून, हुंगून, डोळे मिटून "वाव" म्हटलं. तो सोडा घालून प्यायची सवय असलेला माणूस. डोळे उघडल्यावर त्यानं पेला कुंडीत ओतला.

सरदार किचनमध्ये पितळी ताटं मांडली होती. वाढणाऱ्या पोरांना फेटे. सिल्वानानं काटा-चमचा बाजूला ठेवला, शेजारच्या टेबलावरचा माणूस कसा खातो ते बघितलं आणि भाकरीचा तुकडा मोडून रश्शात बुडवला. मग ती बाई बोलायचीच थांबली. पहिली भाकरी संपली, दुसरी आली. दिग्विजय कंपनीच्या पुढच्या पाच वर्षांबद्दल सांगत होता. ती ऐकत नव्हती.

"हे कुणी केलंय?" तिनं अखेर विचारलं.

आम्रपालीनं तो प्रश्न दादासाहेबांना सांगितला. दादासाहेब खुर्चीत ताठ झाले. "सांगा त्यांना. आमच्या सरदार घराण्याची दोनशे वर्षांची पाककृती. आमच्या मंडळींच्या हातची. बोलवा रे वहिनीसाहेबांना!"

वहिनीसाहेब म्हणजे दादासाहेबांच्या पत्नी शालनबाई. त्या आतल्या खोलीत पैठणी नेसून, नथ घालून तासभर बसूनच होत्या. अशा वेळी बाहेर येऊन हात जोडायचे आणि परत जायचं, एवढं त्यांचं काम. त्या आल्या, हात जोडले. पण सिल्वाना उठून उभी राहिली, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि विचारलं, "कांदा आधी जाळता की खोबरं? आणि त्याच तव्यावर का?"

आम्रपालीनं प्रश्न मराठीत केला.

शालनबाई गोंधळल्या. त्या सरळ बाई होत्या. त्यांना नुसतं हात जोडायला सांगितलं होतं, खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. "अगं, मला काय ठावं?" त्या आम्रपालीला म्हणाल्या. "दोन वर्सं झाली, मी चुलीपुढं गेले न्हाई. समदं गिरजा करती. तिलाच इचार की. तुझी मावशीच हाय न्हवं ती? परवा मागच्या बोळात दिसलीस तू मला."

दादासाहेबांची हॅट मागं सरकली. "मॅडम, ते काय नाही. आधी खोबरं म्हणून सांगा."

"आम्रपाली," दिग्विजय ओठ न हलवता म्हणाला, "फक्त 'खोबरं' म्हण. बस."

चार माणसं तिच्याकडं बघत होती. एक शब्द सांगायचा होता. ती अशी कितीतरी शब्दांची कामं करत आली होती: साहेबांचं उद्धट वाक्य गोड करून सांगायचं, पाहुण्याची तक्रार अर्धी गिळायची, स्वतःचं गाव निगडी सांगायचं. आज तिला ते जमेना. आणि तिनं सांगितलं. सगळं, क्रमानं, एकही शब्द न गाळता.

"ह्या म्हणतायत, त्यांना माहीत नाही. दोन वर्षं त्यांनी स्वयंपाक केलेला नाही. सगळं गिरजाबाई करतात, मागच्या शेडमध्ये. गिरजाबाई माझी मावशी आहे. हे मालक म्हणतायत की मी 'आधी खोबरं' असं सांगावं. आणि माझे साहेबही तेच म्हणतायत."

सिल्वाना मोठ्यांदा हसली, अगदी पोट धरून. दिग्विजयही हसला, कारण पाहुणा हसला की हसायचं हे त्याला माहीत होतं. मग आपण कशावर हसतोय ते कळल्यावर थांबला.

"मला शेडमध्ये न्या," बाई म्हणाली.

गिरजाबाईचे हात पिठात होते. दारात गोरी बाई, मागं भाची, तिच्या मागं कोटवाला साहेब आणि हॅटवाला मालक, हे बघून तिला जे समजायचं ते समजलं. तिनं भाचीकडं अशा नजरेनं बघितलं की आम्रपालीनं मान खाली घातली.

सिल्वानानं मसाल्याच्या डब्यात बोट घातलं, हुंगलं आणि प्रश्न पुन्हा विचारला.

"आधी कांदा," गिरजाबाई म्हणाली. "त्याच तव्यावर खोबरं. कांद्याचं त्याल राहतंय त्यात. तिला इच्यार, तिच्याकडं कांदा असतोय का?"

"असतो म्हणे. लाल."

"मग जमंल तिला."

दोघी वीस मिनिटं बोलल्या. मध्ये आम्रपाली. पण अर्ध्या गोष्टी त्यांना तिच्याशिवायच कळत होत्या. जाताना बाईनं गिरजाबाईबरोबर फोटो काढला आणि तो त्याच दिवशी जगाला दाखवला.

संध्याकाळी मावशीचा फोन आला. "तुला सांगितलं व्हतं ना?"

"मावशी, मला खोटं बोलवेना."

"तुला बोलवंना, आन् काम माझं जायाचं," असं म्हणून मावशीनं फोन ठेवला.

पण काम गेलं नाही. दादासाहेब तेवढे कच्चे नव्हते. फोटो गावभर, मग चाकणभर, मग पुण्यापर्यंत फिरला आणि लोक 'ती आजी कुठंय' विचारत यायला लागले. आठ दिवसांत सरदार किचनची पाटी उतरली आणि नवी चढली: 'गिरजाईज किचन'. वर मावशीचा हसरा चेहरा, चार फूट बाय सहा फूट.

"आडनाव बी घाला," गिरजाबाईनं सांगितलं. "गिरजाबाई धोंडीबा ओव्हाळ. माझ्या मालकाचं नाव बी येऊ द्या."

"अहो, आडनाव कशाला?" दादासाहेब समजुतीच्या सुरात म्हणाले. "गिरजाई कसं गोड वाटतं. देवीसारखं. आडनावानं माणूस बुचकळ्यात पडतो."

कोणता माणूस आणि कशानं बुचकळ्यात पडतो, हे दोघांनाही ठाऊक होतं.

मग तिला शेडमधून काढून पुढच्या ओसरीवर बसवलं. मातीची चूल मांडली, शालनबाईंची पैठणी नेसवली आणि तीच नथ घातली. चुलीत ओली लाकडं, कारण धूर फोटोत चांगला येतो. तिनं दिवसभर एकच भाकरी थापायची, उलटायची, आणि लोकांनी शेजारी बसून फोटो काढायचे. स्वयंपाक मागं गॅसवर एक नवा आचारी करायचा. मसाला पाकिटातला. मावशीनं त्याला कांदा शिकवायची तयारी दाखवली, तर तो म्हणाला, "आजी, एवढा वेळ कुणाला आहे?"

एका रविवारी पिंपळे सौदागरची एक मुलगी मोबाइलचा ट्रायपॉड आणि माइक घेऊन आली. चुलीपुढं मांडी घालून बसली आणि म्हणाली, "आजी, तुमच्या सरदार घराण्याबद्दल आम्हाला सांगा ना."

गिरजाबाईनं भाकरी खाली ठेवली. नथ काढली, पदराच्या टोकाला बांधली. "सांगते की," ती म्हणाली. आणि सांगितलं. आपलं पुरतं नाव, आई कुणाच्या गोठ्यात राबायची, भाकरी कशी वरून पडायची, ही पैठणी कुणाची, मागं पाकीट कोण फोडतंय, सगळं. सहा-सात मिनिटं. मुलगी डोळे मोठे करून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "किती रॉ आहे हे, आजी!"

दोन दिवसांनी तो व्हिडिओ आला. चाळीस सेकंदांचा. त्यात मावशी भाकरी थापत होती, नथ काढत होती, तोंड हलवत होती, आणि वरून बासरी वाजत होती. एकही शब्द नव्हता. खाली लिहिलं होतं: 'साधेपणा हीच खरी श्रीमंती'. लाखभर लोकांनी बदाम पाठवले.

तो व्हिडिओ मावशीला दाखवायला आम्रपाली तीन वर्षांत पहिल्यांदाच ऑफिसच्या कामाशिवाय खडकोळीला गेली. गिरजाबाईनं तो दोनदा बघितला.

"माझा आवाज कुटं गेला गं?"

"काढला, मावशी."

"बरं," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशी पैठणी घडी करून शालनबाईंच्या हातात दिली, नथ वर ठेवली आणि घरी आली. शालनबाई म्हणाल्या, "मला बी घेऊन चल की कुटंतरी." दोघी हसल्या. पण शालनबाई गेल्या नाहीत. संध्याकाळी त्या स्वतःच ती पैठणी नेसून चुलीपुढं बसल्या. पाटीवरचा चेहरा वेगळा आहे हे एकाही गिऱ्हाइकाच्या लक्षात आलं नाही.

आम्रपालीलाही शिक्षा झाली. दिग्विजयनं तिला पाहुण्यांच्या कामावरून काढून चाकणच्या कारखान्यात गेट पासच्या टेबलावर बसवलं. "तुझा प्रामाणिकपणा तिथं उपयोगी पडेल," तो म्हणाला. त्या टेबलाच्या शेजारीच कँटीन होतं. एका दुपारी तिथला ठेकेदार कपाळाला हात लावून बसला होता, कारण तीन शिफ्टच्या लोकांनी आमटी परत पाठवली होती. आम्रपालीनं त्याला सांगितलं, "माझी मावशी आहे, खडकोळीची. करून बघेल." कंपनीत 'खडकोळी' हा शब्द तिच्या तोंडून असा सहज पहिल्यांदाच आला.

गिरजाबाई आता पहाटेच्या बसनं कँटीनला जाते. हाताखाली सहा बायका. तीनशे माणसांचं जेवण करते, पीएफ कापला जातो, आणि कुणी फोटो काढत नाही, कारण कँटीनमध्ये मोबाइलला बंदी आहे. नव्या कामगारांना तिखट लागलं तर ती सरळ सांगते, "पानी प्या."

गेल्या महिन्यात आम्रपाली भैरूला भेटायला पेठेत जाऊन आली. तिथून ती मावशीच्या घरी गेली. गिरजाबाई मेथी निवडत बसली होती.

"कसं चाललंय त्येंचं?" तिनं विचारलं. "माझ्याबिगर गिऱ्हाईक तुटलं आसंल."

आम्रपाली जरा घुटमळली. खोटं सांगायचा मोह तिला झाला. पण ती सवय मोडून गेली होती.

"नाही गं, मावशी. रांग लागते आता. बाहेर खुर्च्या टाकल्यात. लोक बोटं चाटतात. म्हणतात, आजीच्या हातची अस्सल चव."

"पाकिटातली?"

"पाकिटातली."

गिरजाबाईच्या हातातली मेथी तशीच राहिली. मग ती हसायला लागली. हसता हसता ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. आम्रपालीनं पाण्याचा तांब्या पुढं केला. पाणी पिऊन तिनं तोंड पुसलं, आणि ते पाणी नुसतं हसण्याचं नव्हतं हे भाचीला दिसू नये म्हणून जुडी तिच्या पुढ्यात सरकवली.

"बसलीस काय? निवड," ती म्हणाली. "देठं कवळी असतील ती टाकू नको."